वारा सगळं सारखं करून टाकतो?

सध्या फिरणारा दावा असा: चिमणीतून सुटलेला धूर वाऱ्याच्या भोवऱ्यांत मिसळून सगळीकडे सारखा होतो, म्हणून बिनधोक ठरतो. आणि हे भोवरे मोजता येत नाहीत, म्हणून प्रदूषणाची मॉडेलं (धूर कुठे किती पोचेल याचं गणित) म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

धूर पातळ होतो, यात वाद नाही. नुसत्या रेणूंच्या हालचालीवर सोडलं तर स्थिर हवेत वायूला मीटरभर पसरायला कित्येक तास लागतील. भोवरे ते काम काही क्षणांत उरकतात. पण ‘सारखा’ होतो? भोवरे धुराला ताणतात, दुमडतात, त्याच्या चिंध्या करतात. एका जागी ठेवलेल्या उपकरणाला या क्षणी धूर सापडतच नाही, पुढच्या क्षणी सरासरीच्या कितीतरी पट सापडतो. विषारी किंवा पेट घेणाऱ्या वायूच्या बाबतीत तासाभराची सरासरी दाखवून दिलासा देणं मला तरी बेजबाबदारपणाचं वाटतं.

धूलिकण आणि थेंबांचं तर आणखी वेगळं. ते हवेपेक्षा जड, त्यामुळे भोवऱ्याबरोबर पुरते वळू शकत नाहीत. गाभ्यातून बाहेर फेकले जातात आणि भोवऱ्यांच्या मधल्या पट्ट्यांत दाटी करतात. संशोधक मॅक्सी यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की असे कण सरासरीने स्थिर हवेतल्यापेक्षा लवकर खाली बसतात. म्हणजे मिसळणारा प्रवाहच त्यांना गोळाही करतो!

रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन थबकली की भोवरेच मंदावतात आणि धूर नीट मिसळत नाही, हे तर दाव्यात कुठेच नाही.

आता मॉडेलं. प्रत्येक भोवरा मोजता येत नाही, कबूल. वातावरणात सर्वांत लहान भोवरा मिलिमीटरभर, मोठा किलोमीटरभर. संगणकात हवेच्या चौकटी पाडून दोन्ही पकडायचे तर एकेका दिशेला सुमारे १० लाख चौकटी लागतील. पण तशी गरजच नसते. ब्रिटिश शास्त्रज्ञ टेलर यांनी १९२१ मध्येच सांगितलं, की धुराच्या ढगाची रुंदी सुरुवातीला वेळेच्या प्रमाणात आणि नंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. आजची मॉडेलं हजारो काल्पनिक कण सोडतात, प्रत्येकाला यादृच्छिक धक्के देतात आणि कुठे किती पोचले ते मोजतात. एक कण कुठे जाईल हे ती सांगत नाहीत. हजारांपैकी किती कुठे जातील ते सांगतात. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीची राख कुठे जाईल, याचे इशारे अशाच मॉडेलांवर बेतले होते.

टीका करायचीच असेल तर सोप्या गॉसियन सूत्रावर करा, म्हणजे धूर मध्यभागी दाट आणि कडेला घंटेच्या आकारात विरळ होतो असं धरून त्याचं प्रमाण काढणाऱ्या सूत्रावर. त्यात वाऱ्याचा वेग छेदात असतो. वारा पडला की उत्तर अनंताकडे धावतं.