टेबलाखालचा षड्ज : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

लहान मुलांच्या सुरेलपणावरील माझा मागचा लेख आपण काळजीपूर्वक वाचलात आणि तो न आवडण्याची कारणेही तितक्याच काळजीने लिहिलीत, याबद्दल आभार मानते. ‘छान लिहिले आहे’ एवढ्यावर भागवणाऱ्या प्रतिक्रियांपेक्षा आपल्या प्रतिक्रियेने मला अधिक विचार करायला लावला, म्हणून हे उत्तर जरा लांबले आहे.

ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी मूळ प्रसंग पुन्हा सांगते. माझी बहीण यमन रागाचा रियाज करत होती आणि तिची तीन वर्षांची मुलगी तिथेच टेबलाखाली बसून चावीची मोटार फिरवत होती. आलाप हळूहळू वर सरकत निषादापाशी, म्हणजे ‘नी’पाशी, आला आणि नेमकी तेव्हाच दाराची घंटा वाजल्यामुळे बहीण तो निषाद तसाच सोडून उठली. इलेक्ट्रॉनिक तंबोरा चालूच होता. चार-पाच क्षण गेले आणि टेबलाखालून, मोटारीवरची नजर न काढता, मुलीने षड्ज, म्हणजे ‘सा’, लावला. आवाज बारीक होता, किंचित कापराही होता, पण सूर षड्जाचाच होता. मी त्यावर पानभर नवल केले.

आपले आक्षेप तीन आहेत. तंबोऱ्यात षड्ज वाजतच होता, मुलीने तो उचलला, म्हणजे ही निव्वळ पोपटपंची झाली, हा पहिला. मी ‘देणगी’ हा शब्द वापरून ज्यांची मुले गात नाहीत अशा आईबापांना विनाकारण खजील केले, हा दुसरा. आणि अशा प्रत्येक ‘चमत्कारा’मागे कोणीतरी मोठे माणूस दोरी धरून उभे असते, तेव्हा चित्रफीत असेल तर दाखवावी, नसेल तर कौतुक आवरावे, हा तिसरा.

दुसरा आक्षेप मला बराचसा मान्य आहे, म्हणून तो आधी निकालात काढते. लेखात ‘देणगी’ हा शब्द दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा तो सैलपणे आला आहे. कोणताही आधारस्वर न घेता कानावर पडलेला सूर नेमका कोणता आहे हे सांगता येणे, ही फार थोड्यांना लाभलेली जन्मजात शक्ती आहे असे आपण सर्रास मानतो. जपानमध्ये अयाको साकाकिबारा यांनी दोन ते सहा वर्षांच्या चोवीस मुलांना वेगवेगळे स्वरसमूह ओळखण्याचे रोजचे शिक्षण दिले. त्यांतील दोघांनी ते मध्येच सोडले आणि उरलेल्या बावीसही मुलांमध्ये ती शक्ती आली, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नोंदवलेले आहे. मोठ्या वयात तीच खटपट क्वचितच फळते. म्हणजे जिला आपण देणगी म्हणतो, तिच्यातला निदान काही भाग योग्य वयात कानावर काय पडले यावर ठरतो. मात्र ‘सगळा सरावाचा खेळ आहे’ हे आपले वाक्यही तितकेच सैल आहे. त्याच वर्षी स्वीडनमधील दहा हजारांहून अधिक जुळ्या भावंडांच्या अभ्यासात असे आढळले, की एकसारख्या जुळ्यांपैकी एकाने दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त सराव केलेला असला, तरी सूर, चाल आणि लय यांतले बारीक फरक ओळखण्यात तो सरस ठरत नव्हता. या दोन अभ्यासांनी मोजलेल्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे एकाने दुसरा खोटा पडत नाही; पण आपण दोघांनीही एकेक शब्द मागे घ्यायला हरकत नसावी. मी माझा घेतला.

आता पोपटपंचीकडे वळते, कारण माझा खरा मतभेद इथे आहे.

तंबोऱ्याबद्दलचे आपले निरीक्षण बिनतोड आहे आणि मी लेख लिहिताना ते लक्षात घ्यायला हवे होते. पण तो तंबोरा त्याआधी जवळजवळ पाऊण तास वाजत होता आणि तेवढ्या वेळात मुलीने एकदाही षड्ज लावला नव्हता. ती गाडीशी पुटपुटत होती, मध्येच काहीबाही गुणगुणत होती, पण तंबोऱ्याला सूर देत नव्हती. तिने सूर दिला तो निषाद अधांतरी राहिल्यावर. केवळ तंबोऱ्याची नक्कल करायची असती, तर ती केव्हाही करता आली असती आणि षड्जाऐवजी पंचमाचीही करता आली असती. वाक्य अर्धे राहिले आहे आणि ते अमुक ठिकाणी पुरे होते, एवढे तिला कळले होते. तिच्या आईने तिला हे शिकवलेले नाही, कारण तीन वर्षांच्या मुलीला ‘निषाद षड्जाकडे ओढ घेतो’ हे कोणत्या शब्दांत सांगायचे, हे आईलाही सुचले नसते. जन्मल्यापासून कानावर पडलेल्या असंख्य आलापांतून तिने ते आपले आपण गोळा केले. ‘हजारदा ऐकले म्हणून आले’ असे आपण म्हणता ते अगदी बरोबर आहे. पण ऐकलेल्या हजार गोष्टींतून न ऐकलेली हजार-एकावी गोष्ट पुरी करता येणे, याला पोपटपंची हा शब्द पुरत नाही.

शिवाय पक्ष्यांची उपमा आपण जिथे नेऊ पाहता, तिथे ती जात नाही. स्टार्लिंग हा मैनेच्या कुळातला, नकला करण्यात तरबेज असा पक्षी आहे. स्वरांची चढती माळ कोणती आणि उतरती कोणती, हे ओळखायला स्टार्लिंगांना शिकवता येते. पण त्याच माळा शिकवलेल्या स्वरांच्या टापूबाहेर, बऱ्याच वर किंवा खाली नेऊन वाजवल्या, की त्यांची ओळख बुजते. याउलट सहा महिन्यांच्या बाळांना एक चाल आठवडाभर ऐकवली आणि नंतर तीच चाल दुसऱ्या पट्टीत वाजवली, तर बाळांना ती नवी वाटत नाही. कॅनडात लॉरेल ट्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला होता. आपण मोठी माणसे हे इतक्या सहज करतो की त्यात काही विशेष आहे असे वाटतच नाही. माझी भाची अंगाई रोज वेगळ्याच स्वरावर सुरू करते, वर जाऊन तिचा आवाज फाटतो, शब्द तर निम्मे तिचे स्वतःचेच असतात, आणि तरीही चाल तीच राहते. चाल म्हणजे स्वर नव्हेत, स्वरांमधली अंतरे आहेत, हा धडा तिने बोलायला लागण्यापूर्वीच गिरवलेला आहे. नवल करायचेच तर मला याचे वाटते, आणि इथे ज्यांची मुले ‘गात नाहीत’ त्या आईबापांनी खजील होण्याचे काहीच कारण नाही, कारण हा धडा त्यांच्याही मुलांनी गिरवलेला असतो.

लयीचेही तसेच आहे. जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि ट्रेनर यांच्या २००५ च्या प्रयोगात सात महिन्यांच्या बाळांना कुठेही आघात नसलेला, एकसारखा ठेका ऐकवला; फक्त काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला हातांवर झुलवले आणि काहींना दर तिसऱ्या. नंतर तोच ठेका दोन्ही प्रकारच्या आघातांसह ऐकवला, तेव्हा ज्या बाळाला जसे झुलवले होते तसा ठेका ते अधिक वेळ ऐकत राहिले. दुसऱ्या कोणालातरी झुलताना नुसते पाहिलेल्या बाळांवर हा परिणाम दिसला नाही. दोन-दोनची चाल आणि तीन-तीनची चाल यांतला फरक बाळाच्या कानात येतो तो त्याच्या अंगातून येतो. मांडीवर घेऊन झुलवणाऱ्या कोणत्याही माणसाला आपण तालाचे शिक्षण देत आहोत याची कल्पनाही नसते.

आता आपला तिसरा आक्षेप. अठराव्या शतकातला संगीतकार मोत्झार्ट याचे नाव आपणच काढलेत, ‘बापाने नाचवलेले माकड’ असे त्याचे वर्णनही केलेत, म्हणून त्याच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. आपल्या बाजूचा पुरावा भक्कम आहे, हे आधीच कबूल करते. १७६४ साली लंडनमधल्या जाहिरातीत बापाने मुलाचे वय सात छापले, तेव्हा तो आठ वर्षांचा होता. बहिणीचेही वय असेच कमी केले. पुढच्या वर्षी एका खानावळीत रोज ठरावीक वेळी ही दोघे भावंडे पैसे देणाऱ्या कोणाहीसमोर वाजवत होती आणि वाद्याच्या पट्ट्यांवर रुमाल पसरून, त्या न दिसता वाजवून दाखवण्याचे आश्वासन जाहिरातीत दिलेले होते. ही सर्कसच होती. ती बहीण, नानर्ल, उत्तम वाजवणारी होती, आणि लग्नाच्या वयाची झाल्यावर तिचे दौरे थांबले ते कायमचेच. या गोष्टीचा राग मला आपल्यापेक्षा कमी नाही.

पण त्याच १७६५ साली लंडनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. डेन्स बॅरिंग्टन नावाचे एक न्यायाधीश मोत्झार्टच्या घरी गेले. ते आपल्यासारखेच संशयी होते. बाप वय चोरतो आहे असे वाटल्यामुळे त्यांनी पुढे थेट जन्मगावाहून जन्माची नोंद मागवली, आणि ती हाती येऊन खात्री पटल्यानंतरच त्यांचा अहवाल १७७० मध्ये रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे वाचला गेला. त्यांनी मुलापुढे एक हस्तलिखित रचना ठेवली, जी त्याने आधी पाहिलेली असणे शक्य नव्हते. स्वरलिपीच्या पाच ओळी एकदम वाचायच्या होत्या. मुलाने वरची ओळ गात वाजवायला सुरुवात केली, खालची ओळ बाप गात होता, आणि बाप एक-दोनदा चुकला तेव्हा मुलाने जरा रागानेच मागे वळून त्याची चूक दाखवली आणि त्याला सावरून घेतले. दोरी कोणाच्या हातात होती, हा प्रश्न त्या दोन क्षणांपुरता तरी विचारण्यासारखा आहे. नंतर बॅरिंग्टन यांनी त्याला आयत्या वेळी एक प्रेमाचे आणि एक संतापाचे गाणे रचायला सांगितले. संतापाच्या गाण्यात तो इतका रंगला, की अंगात आल्यासारखा हार्पसिकॉर्ड (पियानोसारखे पट्ट्यांचे वाद्य) बडवू लागला आणि मधूनच खुर्चीत उठून उभा राहू लागला.

या साक्षीदाराची मला आणखी एका कारणासाठी किंमत वाटते. पक्षी गाणे कसे शिकतात यावर याच बॅरिंग्टन यांनी प्रयोग केले होते. लिनेट नावाच्या छोट्या पक्ष्याची पिल्ले चंडोलाच्या सहवासात वाढवली, तर ती चंडोलाचे गाणे गातात, हे त्यांनी १७७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडले. पोपटपंची म्हणजे काय, हे त्या काळात ज्यांना नेमके ठाऊक होते अशा मोजक्या माणसांपैकी ते एक होते, आणि त्या मुलाला त्यांनी त्या पिंजऱ्यात टाकले नाही.

कुमार गंधर्वांचे उदाहरण आपण उलट्या बाजूने दिले आहे, त्याबद्दल थोडेसेच लिहिते. बालवयात ध्वनिमुद्रिका ऐकून ते मोठमोठ्या गायकांची गाणी हुबेहूब गात असत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण ‘नक्कल संपली तेव्हा गाणे सुरू झाले’ असे जे आपण म्हणता, ते मला पटत नाही. गुरू बी. आर. देवधर यांच्याकडे ते शिकायला आले ते कान रिकामे घेऊन आले नव्हते. गाण्यातली हरकत कुठून उचलायची आणि समेवर कशी टाकायची, हे दुसऱ्याच्या गळ्यातून आपल्या गळ्यात उतरवणे, हेही कानाचे आणि बुद्धीचेच काम आहे. ध्वनिमुद्रिकेत फक्त आवाज असतो, त्यातून पद्धत शोधून काढावी लागते. पुढे ते कोणासारखेच गायले नाहीत, यामुळे आधीची नक्कल कमअस्सल ठरत नाही.

आता राहिली चित्रफीत. ती माझ्याकडे नाही. त्या क्षणी मी फोन हातात घेतला असता, तर मुलीने गाणे आणि मोटार दोन्ही सोडून फोन मागितला असता. बॅरिंग्टन यांच्यासमोर तो मुलगा वाजवत असताना त्याची लाडकी मांजर खोलीत आली, तेव्हा तो वाद्य सोडून तिच्यामागे गेला आणि बराच वेळ कोणालाही त्याला परत आणता आले नाही. काही वेळा तर तो काठीचा घोडा करून खोलीभर दौडत असे, असेही त्यांनी लिहून ठेवले आहे. वयाच्या खरेपणाविषयी इतका संशय घेणाऱ्या माणसाने हे दोन तपशील वगळले नाहीत, याचे मला फार बरे वाटते. आणि चित्रफीत असती तरी मी ती इथे लावली नसती. त्याची कारणे आपल्याच तिसऱ्या आक्षेपात आपण माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत लिहिली आहेत.

मुलीला गाणे कधी शिकवणार, असेही आपण शेवटी, काहीशा उपरोधाने, विचारले आहे. तूर्त तरी तसा बेत नाही. सध्या ती छताच्या पंख्याच्या घरघरीला सूर लावून पाहते आणि पंख्याची गती कोणी बदलली की भांडते.

आपली,
लेखिका