‘दोन नळ्या चिकटवायला नऊ दिवस’ या रिव्ह्यूला उद्यमनगरातून उत्तर

साहेब, नमस्कार. थर्मोकपलची (भट्टीचं तापमान मोजणाऱ्या तारेची) नळी आठ दिवसांत तडकली आणि आपली भट्टी थांबली, त्याबद्दल माफी मागतो. दर जास्त वाटला असेल तर या, बसून बोलू. पण "दोन नळ्या चिकटवायला नऊ दिवस लावले" हे चारचौघांत लिहिलंत, ते लागलं.

हे फेविक्विकचं काम नाही साहेब. ॲल्युमिना या सिरॅमिकची नळी स्टीलच्या फ्लँजला, म्हणजे बसवायच्या कड्याला, फिलर धातू वितळवून जोडायची असते. स्टेनलेस स्टील तापलं की ॲल्युमिनाच्या दुपटीहून जास्त फुगतं. फिलर ७८० अंशांना गोठतो, तिथून थंड होताना २० मिमी व्यासावर सुमारे ०.१४ मिमीचा फरक पडतो. सिरॅमिक तो सोसत नाही, म्हणून फ्लँज आणि नळीच्या मध्ये कोवारची (कमी फुगणाऱ्या मिश्रधातूची) पातळ स्लीव्ह घालावी लागते. नळीची बैठक घासायला दोन दिवस गेले. घासल्यावर ॲसिटोनने धुऊन १००० अंशांवर तासभर भाजायची, आणि सावकाश निवू द्यायची, त्यात आणखी दोन.

मग व्हॅक्यूम भट्टी. चांदी-तांब्याच्या फिलरमधलं टायटॅनियम सिरॅमिकला धरतं, पण हवा राहिली तर ते आधी ऑक्सिजन खातं आणि फिलर पाऱ्यासारखा गोळा होतो. मिलिबारच्या लाखाव्या भागापर्यंत हवा ओढायची, ७५० वर अर्धा तास थांबायचं, ८४० वर दहा मिनिटं, मग मिनिटाला ५ अंशांनी उतरायचं. पूर्ण दिवस जातो. तिसऱ्याच दिवशी आपला माणूस दारात बसून "उरका लवकर" म्हणत होता! शेवटचा दिवस लीक टेस्टचा. राहिलेले तीन दिवस जॉब नंबरात पडून होता, तेवढी चूक आमची.

आता तडकण्याचं. आपण टाकलेल्या फोटोत सांध्यावरचा फिलर काळा पडलाय, म्हणजे तो उघड्या हवेत भाजलाय. हा सांधा ४०० अंशांच्या खालीच ठेवायचा असतो. आपल्याच ड्रॉइंगमध्ये फ्लँज भट्टीच्या भिंतीच्या बाहेर होती, बसवताना ती आत सरकवली. आतच हवी होती तर ॲल्युमिना सिमेंटने जोडून दिली असती. ते १२०० अंशांना टिकतं, मात्र हवाबंद राहत नाही.

ही ४०० अंशांची मर्यादा बिलावर लिहिली नव्हती, यापुढे लिहू. वेळेचंही बघतो काहीतरी. तडकलेली नळी घेऊन या, स्लीव्ह वाचली असेल तर तिचे पैसे लावणार नाही.