‘चोरी’ या शब्दाबद्दल : न्यू जर्सीच्या काकांना उत्तर

काका,

तुम्ही नाव लिहिलं नाहीत. ‘एक जुना वाचक, न्यू जर्सी’ एवढंच लिहिलंत आणि पुढे ‘मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे’ असं म्हणालात, म्हणून काका म्हणतो. उत्तर द्यायला चार दिवस लावले, कारण रागाच्या भरात लिहू नकोस असं बायकोने बजावलं होतं. चार दिवस झाले तरी राग आहेच, तेव्हा आता लिहूनच टाकतो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २०१२ साली रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी टेक्सासचे खासदार डॉ. रॉन पॉल उभे होते. वय ७६, पेशाने बाळंतपणाचे डॉक्टर. त्यांच्यासाठी आयोवात आम्ही काही जणांनी कसं काम केलं ते मी लिहिलं होतं. आयोवाच्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या मतदारांच्या केंद्राकेंद्रांवरच्या सभांमध्ये, पॉल तिसरे आले, पण ऑगस्टमध्ये टॅम्पाच्या राष्ट्रीय अधिवेशनात, जिथे राज्यांचे प्रतिनिधी उमेदवार ठरवतात, आयोवाच्या २८ मतांपैकी २२ मतं त्यांना पडली. हे कसं झालं, असा तो लेख होता. त्यावर काकांनी लिहिलं : ‘मतं तिसऱ्या नंबरची आणि प्रतिनिधी पहिल्या नंबरचे. बिल्ला खिशात लपवून, लोक घरी गेल्यावर मागे बसून राहायचं आणि खुर्च्या बळकावायच्या, याला रणनीती म्हणत नाहीत, चोरी म्हणतात. तुमच्यासारख्या हौशी टोळक्याने मतदारांना फसवलं आणि वर त्याची फुशारकी मारता.’ याशिवाय आणखी चार मुद्दे आहेत, त्यांच्याकडे शेवटी येतो.

आधी जे मान्य आहे ते मान्य करतो. आयोवात पॉल यांचे प्रतिस्पर्धी मिट रॉम्नी जिंकले असं मी लिहिलं होतं, ते चूक आहे. ३ जानेवारीच्या रात्री ते ८ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं होतं आणि माझ्या डोक्यात तेच बसलं होतं. दोन आठवड्यांनी अधिकृत आकडे आले तेव्हा दुसरे प्रतिस्पर्धी रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले, आणि ८ केंद्रांची मोजणी तर कधीच प्रमाणित झाली नाही. चूक माझी, तुम्ही दाखवलीत, आभारी आहे. पण तेवढ्यावरून ‘ज्यांना निकालही धड ठाऊक नाही ते लोकशाही शिकवतायत’ असं लिहायची काय गरज होती? मी कुणाला काही शिकवत नव्हतो. मी काय केलं ते सांगत होतो.

आता टोळकं. काका, हा शब्द मला लागला.

आमच्या ‘टोळक्या’त एक निवृत्त शिक्षिका होत्या, एक ट्रक चालवणारा, कॉलेजची दोन मुलं, रात्रपाळी करणारी एक नर्स, आणि मी. गावच्या वाचनालयाची मागची खोली दर मंगळवारी मिळायची, दोन तास, फुकट. तिथे आम्ही कौंटीच्या, म्हणजे राज्यातल्या आमच्या लहान विभागाच्या, नकाशावर एकेक मतदान केंद्र धरून नावं लिहीत असू : इथे कोण आहे, तिथे कुणीच नाही, मग त्याच्या ओळखीचं कोण. सभेचं कामकाज कसं चालतं, ठरावाला दुरुस्ती कशी सुचवायची, हरकत कधी घ्यायची, याची शिक्षिकाबाई आमच्याकडून तालीम करून घ्यायच्या. त्या स्वतः अध्यक्ष व्हायच्या आणि आम्ही हात वर करायचो. पैसे कुणाला मिळाले नाहीत. उलट मार्चच्या कौंटी अधिवेशनाला ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांना पहाटे घरून उचलून नेण्याचं पेट्रोल आमच्याच खिशातलं. पॉल यांच्या मागचे लोक सगळीकडे असेच होते. १६ डिसेंबर २००७ ला एका दिवसात त्यांच्यासाठी ६० लाख डॉलर जमले, ती मोहीमसुद्धा प्रचार कार्यालयाने नाही, समर्थकांनीच आखलेली होती. यांना टोळकं म्हणायचं असेल तर गावच्या गणेशोत्सव मंडळापासून सुरुवात करावी लागेल.

आणि आता तो मोठा शब्द.

काका, तुम्ही कॉकसला कधी गेला आहात का? न्यू जर्सीत कॉकस नसतो, प्रायमरी असते, बटण दाबलं की घरी. त्यामुळे तिथे काय होतं ते सांगतो. आमचं केंद्र एका शाळेच्या जेवणघरात होतं. संध्याकाळी सात वाजता सुरुवात. लहान मुलांची ती बुटकी बाकं, त्यांवर जाड कोट घातलेली मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली. प्रत्येक उमेदवारासाठी कुणीतरी उठून दोन-तीन मिनिटं बोललं. मग कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या, नावं लिहिली, पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकली. हे झालं चाचणी मतदान. टीव्हीवर रात्री जो आकडा दिसतो तो याचा. त्या काळी या आकड्याने एकही प्रतिनिधी कुठल्या उमेदवाराला बांधला जात नव्हता; प्रतिनिधी ठरायचे ते पुढे कौंटी, जिल्हा आणि राज्य अधिवेशनांतून. हे पक्षाच्या नियमांत लिहिलेलं होतं आणि आमच्या अध्यक्षबाईंनी माइकवरून सांगितलंही.

चिठ्ठ्या टाकल्याबरोबर लोक उठले. खुर्च्या सरकल्याचा आवाज, झिपा ओढल्याचा आवाज, दार उघडलं की आत येणारा गारठा. शंभराच्या वर माणसं होती, पंधरा मिनिटांत तिशीवर आली. मग अध्यक्षबाईंनी विचारलं, ‘कौंटी अधिवेशनाला सात जण पाठवायचे आहेत, मार्चमधला एक अख्खा शनिवार जाईल, कोण तयार आहे?’ खोलीत सगळे आपल्या बुटांकडे बघायला लागले. बाईंनी पुन्हा विचारलं. तेव्हा मी हात वर केला, शिक्षिकाबाईंनी केला, कॉलेजच्या एका मुलाने केला. पलीकडच्या बाकावरून रॉम्नींच्या एका समर्थकानेही केला. झाले चार. उरलेल्या तीन जागांसाठी बाईंना अक्षरशः विनवण्या कराव्या लागल्या.

सांगा काका, यात मी कुणाच्या खिशात हात घातला? ती खुर्ची रिकामी होती. तिच्यावर बस, बस म्हणून लोकांना आग्रह चालला होता.

हे मला अमेरिकेने शिकवलेलं नाही. माझे वडील, जे तुमच्याच वयाचे असतील, आमच्या गावात पंधरा वर्षं प्रत्येक ग्रामसभेला जायचे. मी शाळेतून आलो की सायकलवर मागे बसून जायचो. ग्रामसभेचं तेव्हाचं चित्र ठरलेलं असायचं. लोक यायचे, वहीत सही करायचे, चहा घ्यायचे आणि गणपूर्ती झाली की काढता पाय घ्यायचे. वडील बसून राहायचे. मारुतीच्या देवळामागच्या वस्तीला पाण्याची पाइपलाइन न्यायचा ठराव असाच, शेवटच्या विषयात, नऊ माणसांसमोर त्यांनी मांडला आणि मंजूर करून घेतला. दुसऱ्या दिवशी पारावर बोंबाबोंब झाली, ‘आम्ही नसताना केलं!’ वडील म्हणाले, तुम्ही होतात, चहा पिऊन गेलात. ती पाइपलाइन आजही चालू आहे. काका, तुमच्या हिशेबाने माझे वडीलही चोर ठरतात. मला म्हटलेलं मी सोसलं असतं. वडिलांच्या वयाचा दाखला तुम्हीच दिलात म्हणून हे लिहितोय.

तुमच्याच प्रतिक्रियेत आणखी एक वाक्य आहे. २००८ साली तुम्ही ओबामांसाठी घरोघरी फोन केलेत. चांगलं केलंत. त्याच वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी टेक्सासमध्ये प्रायमरीत हिलरी क्लिंटन जिंकल्या, पण त्याच दिवशी संध्याकाळी कॉकसही होते, आणि दोन्ही मिळून प्रतिनिधी ओबामांचे जास्त झाले, ९९ विरुद्ध ९४. नेवाडातही क्लिंटन यांना पाठिंबा जास्त, राष्ट्रीय प्रतिनिधी मात्र ओबामांचे १३ आणि त्यांचे १२. ओबामांच्या लोकांनी नियम वाचले होते, कुठल्या भागात विषम संख्येचे प्रतिनिधी आहेत ते बघून माणसं लावली होती. तुम्ही तेव्हा त्याला चोरी म्हणालात? सगळ्या जगाने त्याला हुशारी म्हटलं. त्याआधी १९७२ साली जॉर्ज मॅकगव्हर्न त्याच पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले, कारण निवडीचे नवे नियम तयार करणाऱ्या आयोगाचे ते स्वतःच अध्यक्ष राहिले होते आणि ते नियम त्यांच्या माणसांइतके कुणाला कळले नव्हते. ज्याच्याकडे पैसा नाही, चॅनेलवाले ज्याचं नाव घेत नाहीत, त्याच्या हातात नियमांचं पुस्तक आणि बसून राहायची तयारी एवढंच असतं. तेही तुम्हाला खुपतं.

बिल्ला खिशात ठेवल्याबद्दल. हो, ठेवला. कौंटी अधिवेशनाला टी-शर्ट घालून, घोषणा देत जाऊ नका, नीट कोट-टाय घालून जा, असं आमचं ठरलं होतं. कारण त्याआधी काही ठिकाणी आमचीच तरुण मुलं आरडाओरडा करून लोकांना तोडून आली होती. पण लपवलं म्हणता ते खोटं आहे. मार्चमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारा शेतकरी बसला होता, टोपी मांडीवर ठेवून. त्याने सरळ विचारलं, ‘पोरा, तू कुणाचा?’ मी सांगितलं, डॉक्टर पॉल यांचा. तो म्हणाला, ‘मी सँटोरमवाला. पण एप्रिलमध्ये जिल्हा अधिवेशनाला जाणार का तू? माझ्या गाईंना कोण बघणार?’ आणि त्याने मला मत दिलं. विचारल्यावर मी एकदाही खोटं बोललेलो नाही. कुणी विचारलंच नाही तर छातीवर पाटी लावून फिरायचं का?

तुम्ही म्हणता, पहिल्या आलेल्या सँटोरमना टॅम्पात आयोवाचं एकही मत नाही, हा अन्याय. सँटोरम १० एप्रिललाच शर्यतीतून बाहेर पडले होते, काका. जूनचं राज्य अधिवेशन त्यानंतरचं.

खरा अन्याय बघायचाच असेल तर टॅम्पाकडे बघा. मेन राज्यात आमच्या लोकांनी राज्य अधिवेशनात बहुतेक जागा जिंकल्या होत्या, पक्षाने त्यातल्या जवळपास निम्म्या काढून दुसऱ्यांना दिल्या. त्या राज्याचे रिपब्लिकन गव्हर्नर निषेध म्हणून अधिवेशनाला गेले नाहीत. उमेदवाराचं नाव मांडायला पाच राज्यांतला पाठिंबा पुरत असे, तो नियम तिथेच बदलून आठ राज्यांतलं बहुमत मागितलं. त्याआधी, २००८ मध्ये, रीनो शहरात नेवाडाच्या राज्य अधिवेशनात आमचे लोक जास्त झालेले दिसताच ते अधिवेशन अर्ध्यातच तहकूब केलं होतं. आम्ही हरलो ते चालेल, हरायची सवय होती. पण खेळ सुरू असताना मैदानाच्या रेषा पुसल्या त्यांनी, आणि चोर आम्ही! यावर तुमच्या प्रतिक्रियेत अवाक्षर नाही. इतका मोठा न्यायाधीश होऊन बसायचं तर दोन्ही बाजूंची कागदपत्रं वाचायची तसदी घ्यायला हवी होती.

आता राहिलेले चार मुद्दे. पॉल यांच्या नावाने निघालेल्या जुन्या वार्तापत्रांतला मजकूर वाईटच होता, त्यांनी तो आपण लिहिला नसल्याचं सांगून नाकारला आहे, आणि माझा लेख त्यावर नव्हता. फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, बंद करावी की नाही यावर स्वतंत्र लिहीन. रॉम्नींचंच नाव पक्कं होतं तर एवढा वेळ का घालवला, याला उत्तर द्यावंसं वाटत नाही.

चौथा मुद्दा असा, की लहान मुलं घरी असलेल्यांनी, रात्रपाळी असलेल्यांनी शेवटपर्यंत थांबायचं कसं, त्यांच्या मताला किंमत नाही का. काका, त्या रात्री माझी मुलगी दहा महिन्यांची होती आणि तिला ताप होता. बायकोने फोनवर ‘थांब, संपवूनच ये’ म्हटलं म्हणून मी थांबलो. आमची नर्स तिथूनच थेट पाळीवर गेली. थांबायचं असलं की माणूस थांबतो, एवढं मला ठाऊक आहे. तसंही २०१६ पासून पक्षाने नियम बदलून प्रतिनिधींना मतांच्या प्रमाणात बांधून टाकलं आहे, त्यामुळे तुम्हाला हवं तसं झालं. वाचनालयाची ती खोली आता मंगळवारी रिकामी असते.

यावर तुम्हाला पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, छापीन. ‘चोरी’वर वाद घालायची माझी तयारी आहे. ‘टोळकं’ मात्र पुन्हा आलं तर प्रतिक्रिया काढून टाकेन. त्यातल्या शिक्षिकाबाई मागच्या वर्षी गेल्या, आणि त्यांच्याबद्दल तो शब्द मी इथे राहू देणार नाही.

रॉम्नींबद्दलचं वाक्य मूळ लेखात काल रात्री दुरुस्त केलं आहे.