मांडवाबाहेरचं गाणं

आमच्या वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप सध्या एकाच विषयावर तापला आहे. यंदा गणपतीत डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या भजनाचा सामना, ठेवायची की नाही? मुंबईहून दोन नावाजलेले बुवा आणायचे, तर त्यांचं मानधन, स्टेज, साऊंड, लाइट सगळंच आलं, म्हणजे घरटी वर्गणी वाढणार. एक बाजू म्हणते, वाढूदे, त्या निमित्ताने भजन तरी जगेल. दुसरी म्हणते, शासनाकडे मागा. २०२५ साली गणेशोत्सव राज्य महोत्सव झाला, तेव्हा १८०० भजनी मंडळांना वाद्यांसाठी प्रत्येकी २५ हजार रुपये जाहीर झाले होते. त्यात आपलं मंडळ का नव्हतं, यावर दोन दिवस वाद चालला. शेवटी माझ्या चुलतभावाने लिहिलं, "आपला मंडळ आसा खंय? काकांच्या मागे पखवाजाक कोणी हात लावलो?" त्याखाली कोणी काही लिहिलं नाही.

हे सगळं मी अमेरिकेत, उत्तर कॅरोलायनातल्या माउंट एअरी गावच्या मैदानात, तंबूत पडल्या पडल्या वाचत होतो. बाहेर रात्रीचा एक वाजून गेला होता आणि तीन बाजूंनी तीन वेगवेगळ्या चाली ऐकू येत होत्या.

माउंट एअरीत जूनच्या सुरुवातीला शुक्रवार-शनिवार फिडलवाल्यांचा मेळावा भरतो. फिडल म्हणजे इथल्या लोकसंगीतातलं व्हायोलिन. १९७२ पासून भरतो. ब्लूग्रास आणि त्याच्या आधीचं, इकडे ज्याला 'ओल्ड-टाइम' म्हणतात ते डोंगरी संगीत, अशा दोन्हींच्या स्पर्धा असतात. आम्ही राहतो याच राज्यातल्या कॅरीला, तिथून सव्वादोन तासांची वाट. विन्स्टन-सेलमवरून उत्तरेला वळलं की पायलट माउंटनचा गोल माथा दिसायला लागतो आणि मागच्या सीटवरून मुलगी विचारते, "आलं?" हे आमचं पाचवं वर्ष.

पहिल्या वर्षी मी स्टेजसमोर घडीच्या खुर्चीवर बसून राहिलो. सवाईला बसावं तसा, पाठ ताठ, लक्ष देऊन. शेजारच्या आजोबांनी दोन तासांनी विचारलं, "तुम्ही इथेच बसणार का?" मग हात धरून मला मागे घेऊन गेले. मागे गाड्या, तंबू, ताडपत्र्या यांच्या ओळीच ओळी आणि दर दहा पावलांवर पाच-सहा माणसांचं कोंडाळं. फिडल, बँजो, गिटार, मँडोलिन, कुठे उभा मोठा बास. स्टेजवर नाव पुकारलं की उठून जायचं, आपली चीज वाजवायची आणि परत येऊन कोंडाळ्यात बसायचं. मांडव फक्त निमित्ताला. खरं गाणं बाहेर.

दोन्ही प्रकारांची बैठक वेगळी. ब्लूग्रासमध्ये एकेक जण पुढे येऊन आपली करामत दाखवतो, बाकीचे मागे ठेका धरतात. ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोच्या बँडमध्ये १९४५ च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज आला आणि तीन बोटांनी बँजो असा वाजवू लागला की या संगीताचा तोंडवळा तिथून ठरला. त्यात तयारी लागते, वेग लागतो. मला ते ऐकायला आवडतं. पण माझा जीव अडकला तो ओल्ड-टाइममध्ये. तिथे कोणी पुढे येत नाही. चालीचे दोन भाग, प्रत्येक दोनदा, आणि सगळे मिळून तेच पुन्हा, पुन्हा, पुन्हा. वीस वेळा, तीस वेळा. थांबायचं ठरलं की कोणीतरी एक पाय उचलतो, आवर्तन पुरं होतं आणि सगळे एकदम थांबतात.

यंदा शनिवारी संध्याकाळी माझी बारा वर्षांची मुलगी अशा एका कोंडाळ्याच्या कडेला व्हायोलिनची पेटी घेऊन उभी होती. शाळेत शिकते, पण समोर कागद असल्याशिवाय तिने कधी वाजवलेलं नाही. एका बाईंनी पायाने खुर्ची सरकवली, म्हणाल्या, बस. समोरचे म्हातारे गृहस्थ फिडल हनुवटीखाली न धरता छातीला टेकवून वाजवत होते. पहिल्या चार फेऱ्यांत ती फक्त दोन सूर धरू शकली. त्यांनी वेग कमी केला नाही, तिच्याकडे पाहिलंही नाही. दहाव्या फेरीला पहिला भाग बसला. दुसऱ्या भागातली एक उडी चुकत होती, ती चुकतच राहिली. पाय वर गेला, सगळे थांबले. त्या गृहस्थांनी विचारलं, "आता डी पट्टीत आहोत तोवर अजून एक?" कोणी शाबासकी दिली नाही, कोणी चूक दाखवली नाही. ती रात्री साडेबारापर्यंत उठली नाही.

मला माझी झांज आठवली. मी नऊ वर्षांचा असेन. गणपतीत आमचं मंडळ रात्री वाडीतल्या प्रत्येक घरी जायचं. काकांनी पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावता लावता माझ्या हातात झांज दिली आणि म्हणाले, "मागे बस." रूपावली, अभंग, गौळण, गजर. गजराला लय चढली की माझा हात मागे पडायचा, पण मोठ्यांच्या वीस हातांत तो झाकून जायचा. मग काळ्या वाटाण्याची उसळ, चहा, आणि पुढचं घर. पाचव्या घरापर्यंत हात जागेवर यायचा. मला कोणी शिकवलं असं मी सांगू शकत नाही, पण मला येतं.

म्हणून आमच्या ग्रुपवरचा वाद मला चुकीच्या जागी चाललेला दिसतो. पैसे कोण देणार आणि समोर कोण बसणार, एवढंच आपण बोलतो. बेसूर, बेताल वाजवणाऱ्या पोराला मागे कोण बसवून घेणार, यावर कोणी बोलत नाही. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी डबलबारी झाली. बुवा कमालीचे तयार होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण वाडीतली चौदा-पंधरा पोरं स्टेजच्या पायथ्याशी मोबाइल वर धरून उभी होती आणि त्यांच्यातल्या एकाच्याही हातात झांज नव्हती.

मी हे लिहिल्यावर उत्तर आलं, "दादा, तुका थंय बसान बोलूक काय जाता?" प्रश्न रास्त आहे. गावात राहून मंडळ चालवणं किती जड आहे हे मला ठाऊक आहे. पण 'तिकडे पैसा आहे' असं कोणी म्हणेल, तर ते मात्र माउंट एअरीला लागू पडत नाही. या गावाचं पोट मोज्यांच्या आणि कापडाच्या गिरण्यांवर होतं. त्या बंद पडल्या आणि तरणी माणसं शहरांकडे गेली, आपल्यासारखीच. सरकारी आणि देणग्यांचा पैसा इथेही येतो, तो कुठे जातो ते बघण्यासारखं आहे. गावची कलासंस्था मुलांना फिडल, बँजो, गिटार फुकट शिकवते. शेजारच्या ॲलेगनी काउंटीतल्या एका प्राथमिक शाळेत २००० साली मुलांसाठी असेच वर्ग सुरू झाले आणि आता ते डोंगरातल्या अनेक काउंट्यांत चालतात. गावचं रेडिओ स्टेशन १९४८ पासून इथल्याच लोकांचं वाजवणं प्रसारित करत आलं आहे.

आणि टॉमी जॅरल. जन्म १९०१, मृत्यू १९८५. रस्ते खात्यात यंत्र चालवणारा माणूस, निवृत्तीनंतर माउंट एअरीजवळच्या आपल्या घरात बसून फिडल वाजवायचा. देशभरातून पोरं त्याच्याकडे यायला लागली. तो त्यांना जेवू घालायचा, ठेवून घ्यायचा आणि त्यांच्यासोबत वाजवायचा. १९८२ साली देशाने त्याचा सन्मान केला. आज मैदानातल्या निम्म्या कोंडाळ्यांत त्याच्या हाताचं वळण ऐकू येतं.

इथलं सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. मैदानात नजर फिरवली तर गोऱ्यांशिवाय माणूस क्वचित दिसतो, आणि बँजो तर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचं वाद्य. कॅरीहून निघालं की वाटेत मेबनचा फाटा लागतो. तिथे जो थॉम्पसन नावाचे कृष्णवर्णीय फिडलवादक २०१२ पर्यंत हयात होते. २००५ पासून ज्या तीन तरुण कृष्णवर्णीय कलाकारांनी त्यांच्या घरी जाऊन ती परंपरा उचलली, त्यांच्यामुळे जगाला पुन्हा आठवलं की हे संगीत काळ्यांचंही होतं. ज्यांचं वाद्य, त्यांनाच कोंडाळ्याबाहेर ठेवलं गेलं. हे वाचताना मला आमच्या गावातल्या दोन वाड्या आठवतात. एका वाडीतला पखवाजवाला जिल्ह्यात नावाजलेला होता. दुसऱ्या वाडीच्या मांडवात त्याला कधीच बसवलं नाही, आणि कारण जात हेच होतं. भजन बंद का पडलं याचा हिशेब मांडताना हे पान फाडून टाकता येणार नाही.

गणपतीत चाकरमानी गच्च भरलेल्या गाड्यांतून गावी येतातच. माणसं आहेत, रात्री आहेत, घरोघर जाण्याची रीत आहे. वर्गणी वाढवून स्टेज बांधण्याआधी चार झांजा घेऊया आणि यंदा दोन्ही वाड्यांतली घरं घेऊया, असं मी ग्रुपवर लिहिलं आहे. सहा जणांनी हो म्हटलंय, दोघांनी ग्रुप सोडला.

मी पंधरा दिवसांची रजा टाकली आहे, मुलगी येतेय. चुलतभावाला सांगितलंय, पखवाज माळ्यावरून काढ, चामड्याची पुडी फाटली असेल तर बाजारात नेऊन भरून आण, पैसे मी पाठवतो. त्याने काल फोटो पाठवला. डावी पुडी उंदरांनी खाल्ली आहे, उजवीची शाई शाबूत आहे.