‘सगळं कंपनीनेच जपलंय’ म्हणे!

परत तो मेसेज फिरतोय. जुन्या जपानी सुपरहिरो सिरीयल, म्हणजे तोकुसात्सु, कंपन्यांनी नीट जपून ठेवल्यात, आता तर यूट्यूबवर फुकट आहेत, मग फॅन लोक जुने भाग टेप करून, सबटायटल लावून एकमेकांना वाटतात ती निव्वळ चोरी आणि त्यानेच धंदा बुडतो. बघू एकेक.

“कंपन्यांनी जपलंय.” बऱ्यापैकी खरंय, आणि आपल्यातले जे स्वतःला तारणहार समजतात त्यांनीही ऐकून घ्या. १९६६ चा अल्ट्रामॅन, १९७१ चा कामेन रायडर फिल्मवर शूट झाले म्हणून टिकले, कारण व्हिडिओटेप तेव्हा इतकी महाग की पुसून परत वापरायचे आणि त्यात जपानचे कितीतरी कार्यक्रम कायमचे गेले. पण जपलं म्हणजे दाखवलं असं नाही ना! अल्ट्रामॅननंतर आलेल्या ‘अल्ट्रासेव्हन’ सिरीयलचा १२ वा भाग घ्या. १९६७ ला टीव्हीवर लागला, मग १९७० मध्ये एका मुलांच्या मासिकात त्यातल्या परग्रहवासीयाला ‘हिबाकु’, म्हणजे अणुबॉम्बच्या किरणोत्साराने बाधित, असं छापलं, त्यावर निषेध झाला आणि भाग बंद तो आजतागायत, डीव्हीडीतसुद्धा ११ नंतर थेट १३. निषेध चुकीचा होता असं मी म्हणत नाही, तो शब्द वाईटच होता. पण नक्की काय वाद होता ते स्वतः बघून ठरवायचं असेल तर फॅन्सनी एकमेकांना दिलेल्या कॅसेटच्या कॉप्यांशिवाय आहे काय? शिवाय त्या वेळच्या जाहिराती, वेगवेगळ्या देशांतली डबिंगं, हे तर घरी टेप करणाऱ्यांमुळेच बरंचसं उरलंय.

“यूट्यूबवर सगळं आहे.” अहो, कामेन रायडरवाल्या तोएई कंपनीने एप्रिल २०२० मध्ये चॅनल काढलं तेव्हा ७० सिरीयलींचे पहिले दोन-दोन भाग टाकले. दोन! ‘गोरेंजर’ या एका सिरीयलचेच एकूण ८४ आहेत. आणि गंमत म्हणजे सबटायटल लावायला त्यांनी प्रेक्षकांनाच हाक मारली, म्हणजे ज्यांना हा मेसेज चोर म्हणतो त्यांच्याच जातीच्या लोकांना.

“चोरी आहे.” कायद्याने हो, उगाच गोल गोल बोलण्यात अर्थ नाही. विकत मिळणाऱ्या सिरीयलीची लिंक वाटणाऱ्याची बाजू मी घेणार नाही, आणि फॅनसब, म्हणजे फॅन्सनी सबटायटल लावलेल्या कॉप्या, विकणारे तर डोक्यात जातात.

“धंदा बुडतो.” जुन्या अल्ट्रामॅनच्या परदेशी धंद्याचा घोळ फॅन्सनी नाही घातला, थायलंडच्या चायो कंपनीशी १९७६ च्या एका कागदावरून वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली होती. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टात अल्ट्रामॅन बनवणाऱ्या त्सुबुराया कंपनीच्या बाजूने निकाल लागला आणि २०१९ पासून तिकडे ब्लू-रे सेट धडाधड यायला लागले. ते घेणारे कोण, तर बरेचसे आधी खराब प्रिंटवर फॅनसब बघून वेडे झालेलेच.

जाता जाता, ८० च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ हा असाच जपानी कार्यक्रम बघितलेले इथे असतीलच, तो इंग्रजी डबवाला, जॉनी सोको मनगटातल्या घड्याळात बोलायचा तो. कोणी तेव्हा घरी व्हीसीआरवर टेप केला असेल आणि कॅसेट माळ्यावर पडली असेल तर बुरशी लागायच्या आत डिजिटल करून घ्या, मधल्या जाहिराती कापू नका प्लीज.