‘प्रोसेसर नावाला, पैसा कार्डाला’ हे अर्धंच खरं

गेमिंग पीसीसाठी कुणी सल्ला मागितला की तो ठरलेला मेसेज कुणीतरी टाकतोच: ‘गेमिंगला प्रोसेसर नुसता नावाला लागतो. टास्क मॅनेजर उघडून बघा, निम्मा रिकामाच असतो. बॉटलनेक कॅल्क्युलेटरवर (कोणता भाग बाकीच्यांना अडवतोय ते सांगणारी साइट) टक्के तपासा आणि सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात घाला. शिवाय प्रोसेसर बदलायचा म्हणजे बोर्ड आणि रॅमही बदलणं आलंच.’ लिहिणारा खोटारडा नाही. पण याच मेसेजवर विसंबून माझ्या भाच्याने आरटीएक्स ४०६० कार्ड घेतलं आणि त्याच्या व्हॅलरंट या गेमचा वेग होता तिथेच राहिला, म्हणून हा खटाटोप.

आधी ‘नावाला लागतो’ हे बघू. प्रत्येक फ्रेमचं, म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्राचं, काम प्रोसेसर आणि कार्ड या दोघांत वाटलेलं असतं. कोण कुठे उभा आहे, गोळी कुणाला लागली, पडद्यावर काय काय काढायचं, ही यादी प्रोसेसर करतो. यादीबरहुकूम चित्र रंगवतं ते कार्ड. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या, मॉनिटरला पुरं पडायचं तर दोघांनाही आपापला वाटा जेमतेम ७ मिलिसेकंदांत उरकावा लागतो. प्रोसेसरला १० लागले की १०० एफपीएसच्या (सेकंदाला फ्रेम) वर गाडी जात नाही, कार्ड कितीही महागाचं असो.

रिझोल्यूशन वाढवलं की भार कार्डावर वाढतो. ४केमध्ये १०८०पीच्या चौपट पिक्सेल असतात, प्रोसेसरची यादी मात्र जवळपास तेवढीच राहते. म्हणून ४केवर सायबरपंक २०७७ खेळणाऱ्याला मेसेज लागू पडतो. १०८०पीवर व्हॅलरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला नाही. बाल्डर्स गेट ३ मध्ये तर एकाच गेममध्ये दोन्ही तऱ्हा दिसतात: सुरुवातीच्या रानावनात सगळं सुरळीत, आणि तिसऱ्या अंकात गजबजलेल्या शहरात शिरलात की प्रोसेसर धापा टाकायला लागतो.

तरीही पटत नसेल तर रायझन ७ ५८००एक्स३डी आठवा. एएमडीने २०२२ मध्ये आणलेला हा प्रोसेसर. कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) त्याच्या साध्या भावंडाइतकेच, म्हणजे ५८००एक्सइतकेच आठ, क्लॉक स्पीड उलट थोडा कमी. फक्त एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, ३२ एमबीऐवजी ९६. तेवढ्यावर तो बहुतेक गेममध्ये ५८००एक्सच्या पुढे निघाला. प्रोसेसर नावालाच असता तर हे घडलंच नसतं.

आता टास्क मॅनेजर. इथेच भाचा फसला. त्याचा प्रोसेसर इंटेलचा आय३-१०१००एफ: चार कोअर, आठ थ्रेड (एका वेळी चालू शकणारे कामाचे धागे). गेमचं मुख्य काम बरेचदा एकाच थ्रेडवर अडतं. तो एक पुरता पिळून निघाला तरी आठांच्या सरासरीत त्याचे साडेबारा टक्केच. त्यातून विंडोज ते काम या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत राहते, त्यामुळे एकही आलेख १०० ला टेकलेला दिसत नाही. आकडा बघायचा तो कार्डाचा. आफ्टरबर्नर (कार्डावर किती भार आहे ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून त्याला खेळायला बसवलं तर ऐन चकमकीत ४०६० निम्म्यालाही पोचत नव्हतं. मग रिझोल्यूशन ७२०पी केलं; एफपीएस ढिम्म हलले नाहीत. कार्ड अडत असतं तर ते लगेच वाढले असते. ही चाचणी फुकट आहे, पाच मिनिटांची आहे, आणि खरेदीच्या आधी करायची असते! (एफपीएस लॉक आणि व्हीसिंक, म्हणजे एफपीएसवर मर्यादा घालणारी सेटिंग, आधी बंद करा, नाहीतर कार्ड उगाचच निवांत दिसेल.) कॅबिनेट उघडलं तर रॅमची ८ जीबीची एकच स्टिक. जोडीला दुसरी लावून ड्युअल चॅनल केल्यावर (म्हणजे रॅमला दोन वाटा मिळाल्यावर) झटके बरेच कमी झाले.

बॉटलनेक कॅल्क्युलेटरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. गेम, सेटिंग आणि किती एफपीएस हवेत, हे धड न विचारता ‘१४ टक्के’ सांगणारा आकडा कुठून आला असेल ते तुम्हीच ठरवा.

राहिला ‘बोर्ड-रॅमही बदला’ हा मुद्दा. इंटेलवाल्यांसाठी हा बराचसा खरा आहे: एलजीए १२०० सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची खाच) दहाव्या-अकराव्या पिढीबरोबरच संपला, बाराव्यापासून एलजीए १७००. पण एएमडीच्या एएम४ सॉकेटची गोष्ट वेगळी. २०१८ च्या बी४५० बोर्डावर आज रायझन ५ २६०० असेल तर त्याच बोर्डावर, त्याच रॅमवर ५६०० किंवा ५८००एक्स३डी बसतो. बोर्ड कंपनीच्या साइटवर सपोर्टची यादी बघा आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. आधी नवा बसवलात तर पंखे फिरतील, दिवे लागतील, स्क्रीन मात्र काळीच राहील, आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलरमधला लेप) पुसून जुना पुन्हा बसवावा लागेल.