‘दारू सोडायची गोळी’ आणि तुमची कानउघाडणी

नमस्कार डॉक्टर,

तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा मी कणीक मळत होते. सगळा राग कणकेवर निघाला. फायब्रोमायल्जिया, म्हणजे सतत अंगभर दुखत राहण्याचा आजार, असलेल्या बाईने रागाच्या भरात कणीक मळू नये, दुसऱ्या दिवशी दोन्ही मनगटांनी व्याजासकट वसुली केली. म्हणून उत्तराला आठवडा लागला. तोवर रागही निवळला, ते एका अर्थी बरंच झालं.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेल्या महिन्यात मी लिहिलं होतं की माझ्या अंगदुखीसाठी मी डॉक्टरांकडून नॅल्ट्रेक्सोन हे एरवी दारू सोडवायला देतात ते औषध अगदी कमी मात्रेत कसं मिळवलं. त्यावर तीस वर्षं दवाखाना चालवणाऱ्या या डॉक्टरांचं म्हणणं असं : चार इंग्रजी लेख वाचून मी डॉक्टरांवर दबाव आणला. औषधाच्या बाजूचे अभ्यास सांगितले आणि विरुद्ध गेलेला दडवला. मला आलेला गुण हा मनाचा खेळ आहे. आणि माझं वाचून उद्या कुणीतरी थेट मेडिकलमध्ये जाऊन ही गोळी मागेल. शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘अशा रुग्णांना मी रात्री दहा मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन देतो, चालायला लावतो. बस्स.’

आधी जे कबूल करायचं ते करते. डेन्मार्कमधला अभ्यास मी सांगितला नव्हता. मला तो माहीत होता, म्हणजे विसरले असंही म्हणता येत नाही. स्टॅनफर्डचे दोन छोटे अभ्यास मी हौसेने लिहिले होते : २००९ मधला दहा बायकांवरचा, आणि २०१३ मधला एकतीस बायकांवरचा. दुसऱ्यात औषधाने वेदना सरासरी २८.८ टक्के उतरली आणि नुसत्या खोट्या गोळीने १८ टक्के. त्यानंतर डॅनिश लोकांनी ९९ बायका घेतल्या, बारा आठवडे, रोज सहा मिलिग्रॅम. वेदनेत खोट्या गोळीपेक्षा ठोस फरक निघाला नाही. विसरभोळेपणात थोडा फरक दिसला, पण तो मुख्य प्रश्न नव्हता. स्टॅनफर्डच्या दोन्हींपेक्षा हा अभ्यास मोठा होता. हे मी गाळलं कारण लेखाचा शेवट गोड व्हायला हवा होता. तुम्ही बरोबर पकडलंत. जुन्या लेखात आता ते घातलं आहे, वरच, जिथे पटकन दिसेल तिथे.

पण ‘दबाव’ हा शब्द मला मान्य नाही, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

दबाव मी आणला होता, पण तो आधीच्या डॉक्टरांवर. छापील कागदांची चळत घेऊन गेले, त्यांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, हे बघा, हे मला द्या. त्यांनी कागदांकडे पाहिलंही नाही. ‘गूगलवरून आलात का?’ एवढं विचारलं आणि पुढच्या पेशंटची बेल वाजवली. तेव्हा मी रिक्षात रडले. आज वाटतं, त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं? बाहेर चाळीस माणसं बसलेली. समोरची बाई औषधाचं नाव घेऊनच आलेली. ते औषध ज्यासाठी मंजूर आहे त्यात तिचा आजार नाही. पुढे काही बिनसलं तर ग्राहक मंचात कोण उभं राहणार? सुप्रीम कोर्टाच्या १९९५ च्या शांता निकालानंतर डॉक्टरही ग्राहक संरक्षण कायद्यात आले, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. मी त्यांच्याकडे फक्त ‘हो’ मागत होते. ‘नाही’ म्हणायची सन्मानाची वाटच मी ठेवली नव्हती.

दुसऱ्या वेळी मी संधिवाताच्या डॉक्टर मॅडमकडे गेले ती एक वही घेऊन. मी हिशेबाच्या कामातली बाई, आकडे मांडल्याशिवाय मला सुचत नाही. वहीत चार महिन्यांचे रोजचे आकडे होते : सकाळची वेदना दहापैकी किती, झोप किती तास, तांब्या उजव्या हाताने उचलता आला का, पोळ्या किती लाटल्या. आधी काय काय घेऊन झालं तेही होतं. प्रीगाबालिनने पाय सुजले, ड्युलोक्सेटिनने मळमळ थांबेना. आणि सासरच्या आग्रहाखातर महायोगराज गुग्गुळ, कारण आमच्याकडे कुठल्याही दुखण्याचं पहिलं निदान ‘वात आहे’ हेच असतं. शेवटच्या पानावर चार ओळी : हे औषध तीन महिने घेऊन बघायची इच्छा आहे. वहीतली सरासरी दोन अंकांनी उतरली नाही तर बंद. तुम्हाला योग्य वाटत नसेल तर का, ते समजून घ्यायला आवडेल. आज उत्तर नको.

मॅडमनी वही ठेवून घेतली. म्हणाल्या, ‘पंधरा दिवसांनी या, मला वाचू दे.’ त्या पंधरा दिवसांत काय वाचलं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. परत गेले तेव्हा त्यांच्या तीन अटी होत्या : यकृताची तपासणी, ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी पूर्ण बंद, आणि केसपेपरवर मराठीत एक वाक्य लिहून त्याखाली माझी सही. वाक्य असं, की हे औषध या आजारासाठी मंजूर नाही हे मला समजावून सांगितलं आहे. दोन महिन्यांनी मी मात्रा वाढवून मागितली, तर सरळ ‘नाही’ म्हणाल्या. मीही गप्प बसले. याला दबाव म्हणायचं असेल तर तो कुणी कुणावर आणला, ते तुम्हीच सांगा.

आता तुमचं अमिट्रिप्टिलिन. चिमटा काढायचा म्हणून नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ते १९६१ मध्ये अमेरिकेत आलं ते नैराश्यासाठी. फायब्रोमायल्जियासाठी तिथल्या एफडीएची, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याची, मंजुरी त्याला आजही नाही. म्हणजे तुम्ही रोज रात्रीसाठी लिहून देता तेही लेबलाबाहेरचंच औषध. फरक इतकाच, की त्याला अनेक वर्षांचा वहिवाटीचा रस्ता आहे आणि माझं अजून पायवाटेवर आहे. तुमचं चुकतं असं मी अजिबात म्हणत नाही. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या शिफारशींतही कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन आहे, आणि ज्याला त्यांनी ठाम होकार दिलाय ते एकच : व्यायाम. तुमचं ‘चालायला लावतो’ हे तुमच्या प्रतिक्रियेतलं सगळ्यात भक्कम वाक्य आहे. मी रोज चालते. नाशिकच्या थंडीत पहिली दहा मिनिटं जीव जातो, तरी चालते.

लेबल म्हणजे काय, तर कंपनीने अर्ज केला, अभ्यास दाखवले, सरकारने तेवढ्या आजारापुरती मोहोर उठवली. प्रीगाबालिनला फायब्रोमायल्जियासाठी अमेरिकेने २००७ मध्ये मंजुरी दिली, युरोपने त्याच आजारासाठी नाकारली. गोळी तीच, दुखणं तेच. समुद्र ओलांडला की लेबलाबाहेर! नॅल्ट्रेक्सोन १९८४ मध्ये अफूवर्गीय व्यसनासाठी मंजूर झालं, १९९४ मध्ये दारूसाठी, तेही पन्नास मिलिग्रॅममध्ये. पेटंट केव्हाच संपलंय. चार-साडेचार मिलिग्रॅमच्या स्वस्त औषधासाठी कोट्यवधी खर्चून अर्ज कोण करणार? मोहोर नाही याचा अर्थ उपयोग नाही असा होत नाही. उपयोग आहे असाही होत नाही, हे मात्र मी मागच्या वेळी पुरेशा जोरात म्हटलं नव्हतं.

आपल्याकडचंच बघा. लेट्रोझोल हे स्तनाच्या कर्करोगाचं औषध. आपले स्त्रीरोगतज्ज्ञ ते बीज तयार होण्यासाठी देत होते. ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने त्या वापरावर बंदी घातली. २०१४ मध्ये अमेरिकेतला पीसीओएस (बीजकोशाचा विकार, ज्यात बीज नीट तयार होत नाही) असलेल्या ७५० बायकांवरचा अभ्यास आला : त्याच कामाच्या जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के बायकांना मूल झालं, लेट्रोझोलने २७.५ टक्के. २०१७ मध्ये आपल्याकडची बंदी उठली. मधली पाचेक वर्षं ज्यांच्या वयातून गेली त्यांचं काय, हा प्रश्न मला छळतो. आणि तुमच्या बाजूचं उदाहरणही मीच देते. फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन, दोन्ही वेगवेगळी मंजूर, एकत्र दिली गेली लेबलाबाहेर, वजन उतरवायला. लोक खूश होते. मग हृदयाच्या झडपा बिघडलेल्या दिसायला लागल्या आणि १९९७ मध्ये फेनफ्लुरामिन बाजारातून काढावं लागलं. त्या बायकांचा अनुभवही माझ्याइतकाच खरा होता.

मेडिकलमध्ये जाऊन मागतील, हा तुमचा मुद्दा. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या दादांनी चिठ्ठी पाहिली, मग माझ्याकडे, मग मागे स्कूटरवर बसलेल्या माझ्या नवऱ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाले, ‘वहिनी, साहेबांना सांगून देताय ना? चोरून देऊ नका हं, त्रास होतो.’ पुढचे दोन महिने त्यांनी माझ्या नवऱ्याशी जे आदराने वागणं सुरू केलं ते आजतागायत चालू आहे. दारू सुटतेय म्हणून कौतुक! नवरा सुपारीसुद्धा खात नाही. एकदा त्याने खुलासा करायचा प्रयत्न केला तर दादा म्हणाले, ‘सगळे असंच म्हणतात.’

हसण्यावारी नेते आहे, पण तुमची भीती खरी आहे. नॉर्वेत २०१३ मध्ये टीव्हीवर याच औषधावर एक माहितीपट दाखवला गेला आणि पाठोपाठ हे औषध घेणारे हजारोंनी वाढले. माझा लेख म्हणजे टीव्ही नव्हे, पण एका बाईने मला लिहून विचारलंच, की पन्नासची गोळी पाण्यात विरघळवून घेतली तर चालेल का. कारण ते प्रमाण मी लिहिलं होतं. तो परिच्छेद मी काढून टाकला आहे. मॅडमनी मला समोर बसवून, सिरिंज हातात देऊन जे शिकवलं ते दोन ओळींत लिहिणं हा आगाऊपणा होता.

त्या बाईंना मी पहिला प्रश्न विचारला : दुखण्यावर सध्या काय घेता? उत्तर आलं, पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल असलेली गोळी, रोज दोन. ट्रामाडॉल अफूच्या जातकुळीतलं आहे आणि शरीरात ते ज्या जागांवर काम करतं, नॅल्ट्रेक्सोन त्याच जागा अडवतं. त्यावर हे घेतलं तर आराम जातोच, वर उलट्या, घाम, कापरं, पोटात मुरडा, सगळं एकदम उसळू शकतं. २०१८ पासून ट्रामाडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलंय, तरी पाठदुखीला घेणाऱ्यांना आपण काय घेतोय हे माहीतच नसतं. त्यांना ती ‘डॉक्टरांची पांढरी गोळी’ वाटते. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही याच गटातलं. अचानक ऑपरेशनची वेळ आली तर भूलतज्ज्ञाला सांगावं लागतं, म्हणून माझ्या पाकिटात आधार कार्डामागे चिठ्ठी आहे. हे सगळं मूळ लेखात एका ओळीत उरकलं होतं. त्या बाईंना मी सांगितलं, तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका.

राहिला मनाचा खेळ. असू शकतो. वहीतली सरासरी सातवरून पाचवर आली. झोप सुधारली, स्वप्नं मात्र इतकी रंगीत पडतात की सकाळी दमायला होतं. मॅडमनी तीन आठवडे औषध बंद करायला लावलं तेव्हा आकडा सहाच्या आसपास गेला. पण बंद आहे हे मला माहीत होतं, त्यामुळे त्या सहाची किंमत किती, हे मलाही कळतं. नवऱ्याने तोडगा काढला : ‘मी भरून देतो, कधी औषध, कधी नुसतं पाणी. तू ओळखायचं नाहीस.’ कल्पना छान होती. फक्त नॅल्ट्रेक्सोन इतकं कडू असतं, की पहिल्याच थेंबाला माझं तोंड वाकडं झालं आणि प्रयोग तिथेच संपला.

तुम्ही विचारलंय, किती दिवस घेणार. दिवाळीनंतर मॅडम पुन्हा बंद करून बघणार आहेत, या वेळी सहा आठवडे. तोवर वही चालू आहे. तुमचा अमिट्रिप्टिलिनचा सल्ला मी त्यांच्यापुढे ठेवला होता. त्या म्हणाल्या, ‘बंद केल्यावर आकडा वर गेला तर आधी तेच देऊन बघू.’ तेव्हा कदाचित पुढच्या लेखात मी तुमचीच गोळी घेत असेन. काय होतं ते कळवते, उतरलं तरी आणि नाही उतरलं तरी.